लॅपटॉप तापतो आणि पंखा थांबत नाही, तेव्हा काय तपासावे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि बहुतेक कंपन्या मात्र लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरावा असे माहितीपत्रकात सांगतात. पंखा खोलीतलीच हवा ओढून आतली उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे 25 अंशांच्या खोलीत 70 अंशांवर राहणारा प्रोसेसर तेच काम 40 अंशांच्या खोलीत करताना 85 अंशांच्या आसपास जाणे स्वाभाविक आहे. भर दुपारी पंख्याचा आवाज वाढला, तर तो बिघाड समजू नये. सकाळी सहाला, कोणतेही काम चालू नसताना तो घोंघावत असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

आधी लॅपटॉप कशावर ठेवला आहे ते पाहावे. बऱ्याच लॅपटॉपना हवा खालच्या जाळीतून मिळते, आणि आपल्याकडे पलंगावर अंथरलेल्या जाड सोलापुरी चादरीत ती जाळी पूर्ण बुजून जाते. लाकडी पाट खाली घेऊन मागची बाजू दोन बोटे उचलली, तरी फरक कळतो.

त्यानंतर लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटे थांबावे, विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडावा आणि सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करावे. एखादा प्रोग्रॅम सतत 30-40 टक्के सीपीयू खात असेल, तर दोष त्याचा आहे. अपडेट किंवा व्हायरस स्कॅन चालू असेल तर ते पूर्ण होऊ द्यावे, अन्यथा तो प्रोग्रॅम बंद करावा. परंतु वापर चार-पाच टक्केच असून पंखा पूर्ण वेगाने फिरत असेल, तर बहुधा हवेची वाट बंद झालेली असते. हा फरक न पाहताच अनेक जण लॅपटॉप फॉरमॅट करून घेतात. त्यात वेळ जातो, कधी फायलीही जातात, आणि धूळ जिथल्या तिथेच राहते.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, यंत्रमागाशेजारच्या कार्यालयात वापरलेला लॅपटॉप उघडला की पंखा वरून बराच स्वच्छ दिसतो. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्या यांच्या मधल्या फटीत मात्र कापसाच्या तंतूंचा राखाडी थर असतो, नमद्यासारखा दाट, चिमट्याने धरला तर अखंड पट्टीसारखा निघून येणारा. बाहेरून हवा मारली तर तो बहुतेक वेळा आतच सरकतो, म्हणून मागचे झाकण काढणेच योग्य.

वॉरंटी शिल्लक असेल तर हे काम सेवा केंद्रालाच द्यावे. स्वतः करणार असाल, तर लॅपटॉप स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि झाकण उघडताच आधी बॅटरीची पिन सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली किंवा टचपॅड वर उचललेला असेल, तर तिथेच थांबून ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. स्क्रू लहान-मोठे असतात, म्हणून ते कागदावर त्यांच्या जागांप्रमाणेच मांडून ठेवावेत. थर चिमट्याने उचलल्यावर पंख्याचे पाते काडीने अडवून मगच हवा मारावी, कारण वाऱ्याने भरधाव फिरल्यास बेअरिंग खराब होऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने निर्माण होणारी स्थिर वीज सर्किटला घातक ठरू शकते.

चार-पाच वर्षे जुन्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही, म्हणजे उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारा लेपही, बहुधा वाळलेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावावी आणि हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या क्रमांकांनुसार थोडे थोडे आवळावेत.

सगळे जोडल्यावर पूर्वीच्याच वेळी, पूर्वीचेच काम पंधरा मिनिटे करून प्रोसेसरचे तापमान लॅपटॉप उघडण्याआधीच्या तापमानाशी ताडून पाहावे. ते उतरले, पण पंखा खरखरतच राहिला, तर बहुधा त्याचे बेअरिंग झिजले आहे. अशा वेळी पंख्यावर छापलेला क्रमांक लिहून घेऊन त्याच क्रमांकाचा नवा पंखा बसवावा.