नंदुरबारला बदली झाली असेल तर

ऑर्डर हातात पडली की सगळे आधी खोली, पाणी आणि उन्हाळ्याचं विचारतात. ते जमून जातं. मी मूळचा रत्नागिरीचा, आता इथलाच झालोय. माझं म्हणणं, नव्या माणसाचं अडतं ते बोलण्यात.

या जिल्ह्यात दर तिघांत दोघांहून जास्त आदिवासी आहेत. साहेब, शेजारी, पोरांच्या बाई, आमदार, कोणीही. त्यामुळे चहाच्या टपरीवर 'हे लोक ना...' अशी सुरुवातच करू नका. बाहेरचे आपण आहोत.

सरसकट बोलायचं तर 'आदिवासी' म्हणा. 'वनवासी' अनेकांना टोचतं. नेमकं बोलायचं तर माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच. सरकारी यादीत भिल्ल, पावरा, वसावे, तडवी भिल्ल एकाच नोंदीत आहेत आणि गावित, मावची दुसऱ्या. दाखल्यापुरतं ते ठीक. धडगावच्या पावऱ्याला भिल्ल म्हणालात तर तो तुमची चूक तिथल्या तिथे सुधारेल. आणि आमच्या कोकणवाल्यांनो, नवापुरात 'मी कोकणी' म्हणू नका. तिथे कोकणी म्हणजे कोकणा आदिवासी. समोरचा आपुलकीने गावं-नाती विचारायला लागेल आणि तुमची पंचाईत होईल.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, यावल-रावेरकडे, तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत. 'मग आदिवासी कसे?' हा प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकलाय, तुम्ही नका विचारू.

पारध्यांचं जरा जास्त सांगतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. 1952 साली तो कायदा गेला, पण कॉलनीत सायकल चोरीला गेली की पहिलं नाव अजून त्यांचंच निघतं. अशा वेळी नुसतं गप्प बसू नका, 'पाहिलं कोणी?' एवढं तरी विचारा.

वयस्कर माणसाला, मग तो मजूर का असेना, अरे-तुरे नको. भाऊ, बाबा, नाना काहीही चालतं. शिक्षक असाल तर पोरांचं मराठी 'अशुद्ध' म्हणू नका. घरी पावरी किंवा भिली, बाजारात अहिराणी, वर्गात मराठी. मोजा किती झाल्या.

होळीला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाला जरूर जा. मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या नवस फेडत असतात, कार्यक्रम करत नसतात, तेव्हा फोटो विचारून. होळी पहाटे पेटते. स्वेटर न्या.