पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कशी निवडावी

‘पायथॉन घेऊ की जावा?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांनी आधीच पाच-सहा व्हिडिओ पाहिलेले असतात आणि प्रत्येकात वेगळं उत्तर ऐकून डोक्याचा पार गोंधळ झालेला असतो. भाषांची तुलना करत बसलात तर महिना असाच जातो. त्यापेक्षा सुरुवात स्वतःपासून करा. काय बनवायचं आहे, हाताशी कोणतं यंत्र आहे आणि अडलं तर विचारायचं कोणाला, एवढं स्पष्ट झालं की उरतं ते दोन संध्याकाळींचं काम.

१. काय बनवायचं ते एका वाक्यात लिहा

‘मला कोडिंग शिकायचंय’ हे वाक्य उपयोगाचं नाही. त्यातून कोणतीच भाषा निघत नाही. ‘दुकानाची उधारी एक्सेलमध्ये आहे, कोणाची किती बाकी ते दर शनिवारी आपोआप कळावं’ हे वाक्य चांगलं. त्याचं उत्तर पायथॉन. फायली वाचणं, आकडेमोड, तक्ते, माहितीचं विश्लेषण, पुढे मशीन लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाला शिकवणं) या सगळ्यासाठी तिच्यात तयार साधनं भरपूर आहेत.

‘आमच्या गणेश मंडळाची वेबसाइट करायची’ असं लिहिलं असेल तर आधी पानाचा मजकूर मांडणारं एचटीएमएल आणि त्याला रंगरूप देणारं सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. ब्राउझरला थेट कळणारी प्रोग्रॅमिंग भाषा तीच. ‘मातीतली ओल बघून शेतातली मोटर चालू-बंद व्हावी’ असं असेल तर आर्डुइनो बोर्ड (सेन्सर आणि मोटर जोडता येणारा छोटा संगणक) घ्या. त्याची भाषा म्हणजे मुळात सी प्लस प्लसच. अँड्रॉइड ॲप करायचं असेल तर कॉटलिन. अँड्रॉइडसाठी कॉटलिनला पहिलं स्थान देण्याचं गूगलने २०१९ साली जाहीर केलं. आणि घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी शोधत असाल तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालेलं स्क्रॅच. त्यात टायपिंग जवळपास नसतंच, रंगीत ठोकळे जोडायचे.

वाक्य सुचतच नसेल तर पायथॉन घ्या. हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्याचं कारण चौथ्या पायरीत दिसेल.

२. हाताशी काय आहे ते बघा

अनेकांची निवड खरं तर इथेच ठरते आणि नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर उघडायलाच जीव जातो. अशा यंत्रावर कॉटलिनने सुरुवात केली तर शिकण्यापेक्षा वाट बघण्यातच वेळ जाईल आणि आठवड्याभरात उत्साह मावळेल. पायथॉन, सी आणि जावास्क्रिप्ट मात्र जुन्या लॅपटॉपवरही छान चालतात.

फक्त मोबाइल असेल तरी थांबू नका. ‘पायड्रॉइड’ हे ॲप घ्या किंवा ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. दोन्हीकडे पायथॉन चालतं. फोनवर कंस आणि अवतरणचिन्हं टाइप करणं कंटाळवाणं होतं, म्हणून जमलं तर साधा कीबोर्ड जोडून घ्या.

३. अभ्यासक्रमाने आधीच ठरवलं असेल तर वाद घालू नका

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथॉन आहे. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला अजूनही अनेक ठिकाणी सुरुवात सीने होते. वर्गात सी चालू असताना घरी पायथॉन शिकायला घेतलं तर दोन्हींची खिचडी होते. वर्गातली भाषाच पहिली भाषा माना. शेजारी बसणारे पन्नास जण तीच शिकत असतात, अडलं की लगेच विचारता येतं. ही सोय पुढे परत मिळत नाही.

सीबद्दल उगाच भीती घालणारे खूप भेटतील. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवलेली ही भाषा आजही लिनक्सच्या गाभ्यात आहे. ती अवघड वाटते कारण मेमरी, म्हणजे माहिती ठेवायची जागा, सांभाळणं तुमच्यावर सोपवते. पण त्यामुळेच संगणक आत काय करतो ते नीट कळतं.

४. एकच छोटा प्रोग्रॅम दोन भाषांत लिहून बघा

दोन भाषांमध्ये मन अडकलं असेल तर एक संध्याकाळ एकीला द्या आणि एक दुसरीला. प्रोग्रॅम वीजबिलाचा घ्या. समजा पहिल्या १०० युनिटला ५ रुपये दर आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटला १० रुपये. वापरणाऱ्याकडून युनिट विचारून घ्यायचे, त्यात मागचे राहिलेले २० युनिट मिळवायचे आणि बिल काढायचं. इनपुट, बेरीज, अट, गुणाकार सगळं यात येतं.

वापरणाऱ्याने १५० टाइप केले. म्हणजे एकूण १७० युनिट, बिल १२०० रुपये. आता नवशिक्याकडून हमखास होणारी गोष्ट बघा. टाइप केलेली गोष्ट प्रोग्रॅमला संख्या म्हणून मिळत नाही, अक्षरं म्हणून मिळते. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉम्प्टने (माहिती विचारणाऱ्या छोट्या चौकटीने) घेतलेल्या त्या ‘१५०’ला थेट २० मिळवले तर ती दोन्ही एकापुढे एक चिकटवते आणि १५०२० करते. पुढे वजाबाकी आणि गुणाकार करताना त्याचीच गुपचूप संख्या करून घेते आणि बिल दाखवते १,४९,७०० रुपये! कुठेही तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत.

पायथॉनमध्ये हीच चूक केली तर प्रोग्रॅम बेरजेच्या ओळीवर थांबतो, ओळ क्रमांक दाखवतो आणि अक्षरं व संख्या यांची बेरीज होत नाही असं ‘टाइप एरर’ देऊन सांगतो. सुरुवातीला एरर आली की वाईट वाटतं, पण चुकीच्या बिलापेक्षा ती लाख पटीने बरी. शिकणाऱ्याला चूक जिथल्या तिथे कळली पाहिजे. पायथॉन आधी घ्या असं मी सांगतो ते मुख्यतः यासाठी. तिची वाक्यरचना सोपी आहे ही बाब त्यानंतरची.

सीमध्ये युनिट वाचताना स्कॅनएफ या आज्ञेतला ॲम्परसँड (& हे चिन्ह) विसरलात तर प्रोग्रॅम मध्येच कोलमडू शकतो आणि का कोलमडला ते स्वतः शोधावं लागतं. त्यामुळे कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाच्या) वॉर्निंग चालू ठेवा आणि प्रत्येक वाचा.

मराठी मजकुरावर काम करायचं असेल तर आणखी एक प्रयोग करा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. पायथॉन ५ सांगतं, कारण ते म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतं. सीमधलं लांबी मोजणारं एसटीआरलेन युटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मजकुरात १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि त्या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉनच्या आताच्या आवृत्तीत ‘नाव’, ‘वय’ अशी देवनागरी नावंही व्हेरिएबलला (माहिती ठेवायच्या डब्याला) देता येतात आणि ‘४५’ हा मराठी आकड्यांतला मजकूर इंट या फंक्शनला (नाव दिलेल्या कामाच्या तुकड्याला) दिला तर त्याची बरोबर संख्या होते. मराठी याद्या, नावं, पत्ते हाताळणाऱ्याला याचा फार उपयोग आहे.

५. शिकण्याचं साहित्य जुनं नाही ना, तपासा

पायथॉनच्या धड्यात प्रिंट या आज्ञेनंतर कंस नसेल तर तो धडा जुन्या ‘पायथॉन २’ आवृत्तीचा आहे. तिची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, तेव्हा तो सोडून द्या. सीच्या धड्यात निळा पडदा, ‘व्हॉइड मेन’ आणि ‘कोनिओ’ दिसलं तर ते टर्बो सी, म्हणजे सीचा फार जुना कंपायलर. परीक्षेला लागत असेल तर तेवढ्यापुरतं वापरा, घरी मात्र जीसीसी हा आजचा, मोफत कंपायलर वापरून शिका.

इंग्रजीमुळे अडत असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ बघा. त्यातले अनेक मराठी आवाजात आहेत आणि मोफत आहेत. या लेखात आलेल्या सगळ्या भाषाही फुकट मिळतात. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला मोठी फी भरू नका. आधी स्वतः थोडं लिहून बघा. आवडलं तर क्लासमध्ये काय विचारायचं तेही तोवर कळलेलं असेल.

दुसरी भाषा कधी घ्यावी

भाषा ठरली की निदान तीन महिने बदलू नका. मध्ये कोणी ‘रस्ट’ किंवा ‘गो’ची स्तुती करेल, तेव्हा वहीत नाव लिहून ठेवा आणि आपलं काम चालू ठेवा. व्हेरिएबल, अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं), फंक्शन, यादी या पाच गोष्टी वापरून, व्हिडिओ न बघता, स्वतःच्या गरजेचा एक प्रोग्रॅम पूर्ण लिहिता आला आणि त्यातली चूक स्वतः शोधता आली, की दुसरी भाषा घ्यायला हरकत नाही. तेव्हा हाच वीजबिलाचा प्रोग्रॅम नव्या भाषेत लिहायला घ्या. पहिल्या भाषेला जे महिने लागले त्या जागी इथे काही दिवसच लागतात, कारण आता शिकायची असते फक्त लिहिण्याची नवी पद्धत.