सहाच्या पायात मूळ संख्या कशी ओळखावी

९१ मूळ संख्या आहे का? दोन, तीन, पाच यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. सातची कसोटी दशमान पद्धतीत किचकट असल्याने बरेच जण इथेच फसतात. हीच संख्या सहाच्या पायात, म्हणजे दहा-दहाऐवजी सहा-सहाचे गट करून फक्त ० ते ५ या अंकांनी लिहिली, तर चोरी लगेच पकडली जाते.

पाया बदलल्याने मूळ संख्या संयुक्त होत नाही. १३ गोट्या एका ओळीत मांडता येतात, आयतात नाही. मोजदाद दहाच्या पायात करा नाहीतर दोनच्या. बदलतात ते अंक, आणि त्यांच्याबरोबर कसोट्या. अंक तेच ठेवून पाया बदलला तर मात्र संख्याच दुसरी होते: पाचच्या पायातलं '१३' म्हणजे आपलं ८.

पायरी १: संख्येला ६ ने भागत जा आणि बाक्या लिहून ठेवा. ९१ भागिले ६, भागाकार १५, बाकी १. १५ भागिले ६, भागाकार २, बाकी ३. उरले २. बाक्या शेवटाकडून वाचा: २३१.

पायरी २: एकक अंक बघा. ०, २, ४ असेल तर संख्या सम; ३ असेल तर तिला तीनने भाग जातो. म्हणजे २ आणि ३ सोडले, तर प्रत्येक मूळ संख्येच्या शेवटी १ किंवा ५ येणारच. २३१ इथे पास.

पायरी ३: अंकांची बेरीज करा. तिला ५ ने भाग गेला, तर संख्येलाही जातो. दशमानात नऊची कसोटी चालते त्याच कारणाने: ६ ला ५ ने भागल्यावर बाकी १ उरते, ३६ लाही १, २१६ लाही १. २+३+१ = ६, इथेही पास.

पायरी ४: उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक करा: १−३+२ = ०. उत्तर ० किंवा सातच्या पटीत आलं की संख्येला ७ ने भाग जातो. ९१ = ७×१३, सापडली!

आता ९७ घ्या. सहाच्या पायात २४१. शेवटी १, बेरीज ७, आलटून-पालटून −१. तिन्ही कसोट्या पार, म्हणजे ९७ मूळ.

१ सोडून १२१ च्या आतल्या सगळ्या संख्यांना एवढं पुरतं, कारण तिथे संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव ७ किंवा त्याहून लहान असतोच. (खुद्द ५ आणि ७ अर्थातच अपवाद.) १२१ ला मात्र हे जाळं अपुरं पडतं: अंक ३२१, सगळ्या कसोट्या पार, तरी ती ११×११.

दोनच्या पायात वेगळी गंमत आहे. ३१ तिथे १११११ होते, नुसते एकच एक. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. ती मूळ असायला एकांची संख्याही मूळ असावी लागते. १११११११११११ मात्र अकरा एक असूनही २०४७, म्हणजे २३×८९ निघते. २०२४ मध्ये सापडलेली, आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या याच जातीची: दोनच्या पायात सलग १३,६२,७९,८४१ एक.