आहेराऐवजी देणगी: कोणाच्या नावाने, कशासाठी आणि कशी द्यावी

‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ कोल्हापुरातल्या लग्नपत्रिकांवर आता सर्रास दिसते. तरीही एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन किंवा जवळच्या माणसाचे वर्षश्राद्ध असले की रिकाम्या हाताने जाणे मनाला पटत नाही. अशा वेळी त्या व्यक्तीच्या नावाने आरोग्याच्या किंवा निसर्गसंवर्धनाच्या कामाला देणगी द्यावी, असा माझा आग्रह असतो. मात्र आधी काम निवडावे, मग ते काम नीट करणारी संस्था शोधावी आणि रक्कम सर्वांत शेवटी ठरवावी. बहुतेकदा हा क्रम उलटा होतो, आणि मग रुग्णालयाला गरज असते औषधांची, तर दारात येऊन उभी राहते दात्याचे नाव रंगवलेली आणखी एक चाकाची खुर्ची.

आरोग्याच्या बाबतीत, ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे अशा साध्या गोष्टींना पहिले स्थान द्यावे. क्षयरुग्णांचा पोषण आहार ही त्यांपैकी एक. झारखंडमधील ‘राशन्स’ या अभ्यासात क्षयरुग्णाच्या घरातील इतर प्रौढांना दरमहा प्रत्येकी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. केवळ रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांच्या तुलनेत या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि हे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तांदूळ आणि डाळ एवढे काम करत असतील, तर आहेराच्या पाकिटातील रकमेचे मोल केवढे मोठे होऊ शकते! केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘निक्षय मित्र’ उपक्रमात कोणीही व्यक्ती किंवा संस्था नोंदणी करून, संमती दिलेल्या रुग्णांचा आहार पुरवू शकते. आपल्याकडची तालीम मंडळे आणि पतसंस्था यांना तर हे सहज जमण्याजोगे आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो, म्हणून मदतही किमान तेवढी टिकेल असे पाहावे, आणि शिधा देतानाचे रुग्णाचे छायाचित्र कोणत्याही परिस्थितीत काढू नये. ज्या आजाराबद्दल लोक अजूनही शेजाऱ्यांपासून लपवाछपवी करतात, त्याची जाहिरात आपल्या भेटीपायी होता कामा नये.

एखाद्या रुग्णाचे बिल भरण्यासाठी देणगी मागितली गेली, तर आधी एक चौकशी करावी. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. रुग्णाचा तो हक्क आधी मिळवून द्यावा आणि देणगी त्यापुढील औषधे, प्रवास आणि नातेवाइकांच्या जेवणखाण्यासाठी वापरावी.

निसर्गासाठी देणगी म्हटले की डोळ्यांसमोर रोपच येते, आणि येथेच सर्वांत जास्त सावध राहावे लागते. कोल्हापूरच्या पश्चिमेला १९५८ मध्ये घोषित झालेले राधानगरी अभयारण्य आहे, जे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात मोडते; मसाई पठारासारखे जांभ्या खडकाचे सडेही आहेत. पावसाळ्यात या सड्यांवर मातीच्या बोटभर थरात गवते आणि इवली फुले उगवतात. ती जमीन उजाड समजून तिथे खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे तेथील मूळ जीवसृष्टी मोडणे होय, म्हणून सड्यावरील वृक्षारोपणाला कोणाच्याही नावाने पैसे देऊ नयेत. इतरत्र रोपे लावणाऱ्या संस्थेला विचारावे की जाती कोणत्या आहेत: जांभूळ, हिरडा, ऐन, उंबर अशी उत्तरे आली तर पुढे बोलावे, ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा ग्लिरिसिडिया ऐकू आले तर थांबावे. त्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? रोप लावायला शंभर दाते मिळतात, पण कुंपण, पाणी आणि राखणदाराचा पगार यांसाठी पैसा मिळत नाही, म्हणून आपली देणगी नेमकी त्यासाठीच द्यावी आणि तसे पत्रात लिहून द्यावे. देवराई राखणाऱ्या गावालाही याच भावनेने मदत करता येते.

संस्था ठरली की तिचा धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील नोंद आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद पाहावेत. कार्यालयीन खर्च शून्य दाखवणाऱ्या संस्थेपेक्षा तो उघडपणे सांगणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

पावती कोणाच्या नावाने घ्यायची, यावर पुष्कळ गोंधळ होतो. सत्कारमूर्तीचे नाव केवळ शुभेच्छापत्रावर असावे; पावती, पॅन क्रमांक आणि आयकर कायद्याच्या ‘ऐंशी जी’ कलमाखाली देणगीवर मिळणारी करसवलत पैसे देणाऱ्याचीच. ही सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला आणि कोणत्याही वस्तुरूप देणगीला ही सवलत मिळत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे केवळ जुन्या क्रमांकावर न विसंबता संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

परदेशातील भाचा किंवा मुलगी सहभागी होणार असेल, तर पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते आधी विचारावे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांची देणगी परकीय मानली जात नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, ते मूळचे भारतीय असले तरी, परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच पैसे घेता येतात.

शेवटी शुभेच्छापत्र. त्यावर रक्कम लिहू नये; काम लिहावे: ‘आपल्या एकसष्टीनिमित्त आपल्या नावाने एका कुटुंबाचा सहा महिन्यांचा पोषण आहार देण्यात येत आहे.’ ज्येष्ठांच्या बाबतीत त्यांना आधी विचारून घेणेच योग्य, कारण त्यांच्या मनात एखादे काम वर्षानुवर्षे असू शकते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला संस्थेकडून कामाची माहिती मागवावी आणि ती त्यांना नेऊन द्यावी.