छोट्या चेंबरची जुनी दुनळी : बार उडवण्याआधीची तयारी

वाडवडिलांची बारा बोअरची विलायती दुनळी वारशाने आली, की पहिली तयारी कागदांची. परवानाधारक वारला असेल तर ‘घरातलीच तर आहे’ म्हणून बंदूक माळ्यावर ठेवू नका. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग आपल्या नावाने अर्ज करा. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या. परवाना हाती पडला की त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.

बंदूक ताब्यात आल्यावर ती बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहा. रिकामी आहे असं कुणी कितीही छातीठोक सांगितलं, तरी स्वतः पाहा.

आता मुख्य काम, चेंबरची म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागाची लांबी. जुन्या इंग्लिश शिकारी दुनळ्यांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आज बाजारात सर्रास मिळतं ते पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं काडतूस. ते या बंदुकीत सहज बसतं, बंदूक नीट मिटते आणि इथेच माणसं फसतात. कारण काडतुसावर छापलेली लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते. न उडालेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. बार होताना त्याच्या दुमडलेल्या तोंडाला उलगडायला जागा लागते. चेंबर आखूड असेल तर ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. म्हणून ‘बसतंय ना, मग चालेल’ हे वाक्य जुन्या दुनळीपाशी उच्चारूच नये.

नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या धरा आणि सपाट भागावरचे चाचणीचे ठसे भिंगाखाली वाचा. पत्त्यांतल्या चौकटीसारख्या आकारात १२ आणि सी असेल, तर बंदूक १८८७ किंवा त्यानंतर तपासलेली आहे. पण ही खूण तीन इंचांहून आखूड चेंबर एवढंच सांगते. अडीच की पावणेतीन ते त्यावरून कळत नाही. १९२५च्या ब्रिटिश चाचणी-नियमांनंतर लांबी आकड्यातच ठोकू लागले, आणि १९५४नंतर सोबत दाबही येतो. अडीच इंचीवर ‘३ टन’ दिसतं. मग बिनधुराच्या (नायट्रो) दारूची चाचणी झाल्याची खूण पाहा: बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखाली एनपी किंवा बीएनपी शोधा, लंडनच्या ठशांत एनपीवर तलवार धरलेला हात. हे नसून फक्त काळ्या दारूच्या चाचणीचे ठसे असतील, तर आजचं कुठलंही काडतूस त्यात घालू नका. नळीवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीची नागमोडी नक्षी असेल तर हे ठसे दुप्पट काळजीने वाचा. सोळा बोअरच्या जुन्या युरोपी आणि अमेरिकी बंदुकाही अनेकदा ६५ मिलिमीटरच्याच असतात.

ठसे वाचून झाले तरी प्रत्यक्ष माप घ्याच. चेंबर नंतर कुणी कोरून वाढवलेलं असू शकतं, आणि मग नळीची भिंत नेमकी दाब जास्त असतो तिथे पातळ झालेली असते. हे माप चेंबर-गेजनेच घ्यावं, साध्या पट्टीवर भरवसा नको. दोन्ही नळ्या स्वतंत्र मोजून घ्या. ठसा आणि माप जुळत नसेल तर जाणकार कारागिराने भिंतीची जाडी तपासेपर्यंत बंदूक बंद.

त्याच कारागिराकडून बाकीचंही पाहून घ्या: नळीला पोचा किंवा फुगवटा, आत गंजाचे खड्डे, मिटल्यावर सांध्यात फट, दस्त्याला चीर. नळी सुटी टांगून हलकेच टिचकी मारली की घंटेसारखी वाजली पाहिजे. बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटलेली असू शकते. बंदूक टायरला बांधून लांबून दोरीने बार काढायची जी पद्धत आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. एक बार निभला म्हणजे पुढचा निभेल असं नव्हे, आणि अशक्त नळी त्यात आणखी अशक्त होऊ शकते.

काडतुसं विक्रेत्याकडून लांबी विचारून नव्हे, खोका वाचून घ्या. ६५ मिलिमीटरची, हलक्या भाराची घ्या. ती मिळत नसतील तर थांबा. वीस बोअरची काडतुसं त्याच खिशात किंवा पट्ट्यात कधीही ठेवू नका. वीसचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकतं, आणि मागे बाराचं घालून चाप ओढला की नळी फुटते.

पहिला बार अधिकृत रेंजवर, चष्मा आणि कानपट्ट्या लावून. शिकारीवर कायद्याची बंदी आहे. शेतसंरक्षणाचा परवाना असला तरी रानडुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. एका वेळी एकच नळी भरा. प्रत्येक बारानंतर रिकामं नळकांडं हातात घेऊन त्याचं तोंड पाहा आणि लांबी मोजा. कडा फाटल्या असतील किंवा लांबी चेंबरपेक्षा जास्त भरली, तर उरलेली काडतुसं परत खोक्यात ठेवा.