पोस्टडॉकला अर्ज करून राहिले? मग या चुका टाळा

पीएचडी मिळाल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन निघालं की आपल्या नागपुरातली बरीच पोरंपोरी एकच सीव्ही आणि 'रिस्पेक्टेड सर'वाला एकच मेल बनवतात, आणि कुठल्या विद्यापीठाने केमिस्ट्रीपासून इतिहासापर्यंत पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी संशोधन करायच्या, जागा काढल्या की तोच सगळीकडे पाठवून देतात. मग महिनाभर रिप्लाय नाही म्हणून मन खट्टू. अहो, जाहिरात एक असली तरी बहुतेक वेळा प्रत्येक जागा वेगळ्या प्रोफेसरची असते, पैसा वेगळ्या प्रोजेक्टचा असतो, आणि अर्ज वाचणाराही तो प्रोफेसरच असतो.

समजा तुम्ही नीरीत, आपल्या नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेत, सांडपाण्यावर काम केलंय आणि जागा मायक्रोबायोलॉजीची आहे, तर थीसिसचं नाव सांगत बसू नका, त्या पाण्यातले बॅक्टेरिया कसे वेगळे केले, सिक्वेन्सिंग (डीएनए वाचायची पद्धत) कोणतं, डेटा स्वतः अॅनालाइज केला की बाहेरून करून घेतला, हे मेलच्या पहिल्या चार ओळीतच यायला हवं. इतिहास-समाजशास्त्रात उलटं, तिथे बऱ्याचदा लिखाणाचा नमुना मागतात, आणि लोक घाईत थीसिसचं पहिलं प्रकरण जोडतात. ते सहसा सगळ्यात कच्चं असतं, मधलं पक्कं प्रकरण द्या.

माझा एक चांगला अर्ज रेफरन्स लेटरपायी गेला. अर्जाच्या पोर्टलने सरांना पत्र टाकायची लिंक पाठवली, ती स्पॅममध्ये पडली, सर पेपर तपासण्यात गुंतलेले, आणि मी विचारलं शेवटच्या दिवशी. आता सांगते, अर्ज टाकला त्याच दिवशी फोन करा, मेल आला का विचारा, सरांना राग येत नाही.

तारखांचं नीट बघा. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपची शेवटची वेळ ब्रसेल्सची असते, संध्याकाळचे 5 म्हणजे सप्टेंबरात आपले रात्रीचे 8:30. तिथे पीएचडीनंतर जास्तीत जास्त 8 वर्षांची अट आहे, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 पेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. पीएचडीची तारीख म्हणून नोटिफिकेशनची धरायची की दीक्षान्ताची, हे ज्या त्या ऑफिसला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

आपल्याकडच्या नॅशनल पोस्टडॉक फेलोशिपला वयाची अट 35 ची, पण महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना 5 वर्षांची सूट आहे. 36 व्या वर्षी 'आता काय भरायचा' म्हणून फॉर्मच सोडून दिलेल्या मुली मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं. आणि हो, ही फेलोशिप देणाऱ्या सर्ब या सरकारी मंडळाची कामं आता एएनआरएफ या नव्या संस्थेकडे गेलीत, त्यामुळे ग्रुपवर फिरणारी जुनी पीडीएफ बघून फॉर्म भरू नका.

लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) काढून दोन्ही नावांचे पेपर त्यात टाका.

प्रोफेसरचा रिप्लाय नाही आला? दोन आठवडे थांबा, मग त्याच मेलखाली तीन ओळींची एकच आठवण पाठवा, त्यांच्या कामाशी जुळणारा तुमचा एक पेपर जोडून.