जुनी गाडी मधूनच बंद पडते? दोष बंद पडलेल्या गाडीतच शोधा

घाटात गाडी बंद पडते, पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर शहाण्यासारखी चालते. मग मेकॅनिक म्हणतो, "कार्बोरेटर साफ करून बघू, प्लग बदलून बघू, पेट्रोल पंप टाकून बघू." हे "बघू" बंद करा. गाडी नीट चालत असताना उलगडलेल्या भागांवरून या दोषाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. पैसे जातात, आणि पुढच्या वेळी गाडी अशा वळणावर बंद पडते की मागून ट्रक येत असतो.

इथे कार्बोरेटरवाली मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवली आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिनवरच बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप. त्या काळच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना हीच पद्धत लागू पडते.

बॅटरीची टर्मिनल, इंजिनची अर्थिंग आणि फ्यूज आधी घट्ट करून घ्या. पेट्रोलच्या रबरी नळ्यांना भेगा असतील तर त्या आजच बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होऊ शकतं.

गाडी बंद पडते कशी, हे लक्षात ठेवा. चावी फिरवल्यासारखं इंजिन क्षणात गप्प झालं तर संशय विजेवर. आधी आचके, मिसिंग (मधूनच एखादा सिलिंडर न पेटणं), ओढ कमी होणं आणि मग बंद, तर संशय पेट्रोलवर. फक्त स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता), सिग्नलला बंद पडत असेल तर कार्बोरेटरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप), स्लो जेट (स्लोवर पेट्रोल देणारं बारीक भोक) आणि इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या बघा.

आता खरा टप्पा. मी सगळ्यात जास्त इथेच अडलो आहे, कारण हाताशी वेळ फार थोडा असतो. इंजिन थंड झालं की पुरावा गेला. म्हणून डिकीत चार वस्तू कायम ठेवा: एक जादा चालू प्लग, इन्सुलेटेड पक्कड, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि पाण्याची बाटली. गाडी बंद पडली की कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, मागे त्रिकोण लावा. पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका. त्याने प्लग ओले होतात आणि एका दोषाचे दोन होतात.

सर्वांत आधी करंट, म्हणजे प्लगला ठिणगी येते का, ते बघा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठे गळती दिसत असेल तर ही चाचणी करूच नका. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनला पक्कं टेकवा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. वायर मोकळी लोंबत ठेवून ठिणगी उडवायचा प्रकार काही जण करतात. तो करू नका, इग्नायटर (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो. ठिणगी निळसर, टणक असेल तर वीज ठीक. नसेल किंवा पिवळट, मरगळलेली असेल तर टेस्ट लॅम्प कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) पॉझिटिव्हला लावा. चावी चालू असून लॅम्प पेटत नाही? मग दोष इग्निशन स्विच, फ्यूज किंवा कनेक्टरमध्ये. चावी हलवून बघा. जड जुडग्याने झिजलेले स्विच मी पुष्कळ पाहिले आहेत. लॅम्प पेटतो पण ठिणगी नाही, तर कॉइल, इग्नायटर किंवा डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) पिकअपची, म्हणजे ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरची, वायर. ही वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) हलून आतल्या आत तुटते, वरून अखंड दिसते.

करंट आहे असं कळलं की चावी बंद करा आणि मगच एअर फिल्टरचं झाकण उघडा. चोकची पाकळी (कार्बोरेटरच्या तोंडावरची हवा अडवणारी पट्टी) हाताने उघडी धरून थ्रॉटल दाबा. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत पेट्रोल येतंय. नाही उडाली तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं भोक बुजलं आहे. आवाज नाही, तर फिल्टर, टाकीतला गंज किंवा पंप. गंज नळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि थांबल्यावर खाली बसतो, म्हणून गाडी आपोआप सुरू होते.

उष्णतेचा संशय असेल तर ओलं फडकं वापरा, पण एका वेळी एकच भाग थंड करा. आधी फक्त कॉइल; लगेच सुरू झाली तर दोष बहुधा तिथेच. नाही झाली तर पेट्रोल पंप. दोन्हींवर एकदम पाणी ओतलं तर काहीच सिद्ध होत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीजवळ पाणी नेऊ नका.

घरी मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे पन्नास अंशांत वीसेक टक्के वाढ होणारच. तेवढ्यावरून कॉइल फेकू नका. गरम झाल्यावर रीडिंग एकदम तुटलं किंवा उड्या मारू लागलं तर बदला.

फ्यूल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा बघा. गिअरमध्ये गाडी अजून पळतेय आणि काटा एकदम शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा) किंवा त्याची वायर आधी तपासा.

भाग एकच बदला. मग तीच वेळ, तोच चढ, तेवढंच ऊन गाठून गाडी चालवा. जुना भाग महिनाभर फेकू नका; गाडी पुन्हा बंद पडली तर तो चांगला होता हे कळेल आणि परत बसवता येईल.